कार्ड बदलता येतं, जन्मतारीख नाही

ऑनलाइन जुगाराच्या साइटवर खातं उघडायला फार तर चार-पाच मिनिटं लागतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, ईमेल, पासवर्ड, की झालं. एवढ्या वेळात आपण काय काय देऊन बसलो याचा हिशेब तेव्हा कुणी करत नाही, कारण डोळ्यांसमोर पहिला डाव असतो किंवा बोनस असतो. हिशेब पुढे निघतो, पैसे काढायची वेळ आली की. आधी ओळखपत्राचा फोटो मागतात, मग सेल्फी, मग पत्त्याचा पुरावा, आणि रक्कम जरा मोठी असली की पैसा आला कुठून हे दाखवायला बँकेचं तीन-तीन महिन्यांचं स्टेटमेंट. आपलेच पैसे समोर अडकलेले दिसत असतात. अडकलेल्या पैशांपायी माणूस हाताला लागेल ते अपलोड करतो.

या माहितीकडे बघायची एक साधी रीत आहे. जे बदलता येतं ते एका बाजूला ठेवायचं आणि जे कधीच बदलता येत नाही ते दुसऱ्या बाजूला. पासवर्ड फुटला तर दोन मिनिटांत नवा ठेवता येतो. कार्डाचे आकडे चोरीला गेले तर बँक जुनं कार्ड बंद करून नवं देते. ईमेल आणि मोबाइल नंबर बदलायला त्रास होतो, पण बदलतात. जन्मतारीख, चेहरा, ओळखपत्राची स्वच्छ प्रत, आणि आपण रात्री किती वाजता किती हरलो याची नोंद, या गोष्टी एकदा बाहेर गेल्या की परत आणता येत नाहीत. बहुतेकांची सगळी काळजी कार्डाच्या आकड्यांभोवती असते आणि ओळखपत्राचा फोटो ते बिनधास्त पाठवतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

जानेवारी २०१९ मध्ये उघडकीला आलेलं एक प्रकरण या दृष्टीने बघण्यासारखं आहे. अनेक कॅसिनो साइट चालवणाऱ्या एका समूहाचा इलॅस्टिकसर्च सर्व्हर (माहिती साठवून तिच्यात शोध घ्यायची यंत्रणा) इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडा पडला होता. त्यात सुमारे १० कोटी ८० लाख पैजांच्या नोंदी होत्या आणि त्यांच्यासोबत खेळणाऱ्यांची नावं, घरचे पत्ते, फोन, ईमेल, जन्मतारखा, खात्यातली शिल्लक, जिंकलेल्या रकमा. कार्डाचे आकडे मात्र अर्धवट झाकलेले होते. म्हणजे जे बदलता आलं असतं तेवढं झाकलेलं आणि ज्याला इलाज नाही ते उघडं. हे व्हायला कुणी हुशार हॅकर लागला नाही. कुणीतरी दार लावायला विसरलं, एवढंच. अशा चुकीपुढे आपला पासवर्ड कितीही भक्कम असला तरी काही कामाचा नाही. म्हणून पहिलं संरक्षण हेच, की त्या सर्व्हरवर आपलं असणारं सामान मुळात कमी असावं.

पैजांची नोंद उघडी पडण्यात काय मोठंसं, असं वाटू शकतं. दोन बाजूंनी बघा. नुकताच मोठी रक्कम जिंकलेला माणूस कोण आणि राहतो कुठे, हे चोराला आयतं कळतं. आणि सतत हरणारा माणूस कोण, हे कळलं की त्याच्याकडे दुसऱ्या प्रकारचे लोक येतात. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा फोन येतो. समोरच्याला साइटचं नाव माहीत असतं, रक्कम अंदाजे माहीत असते, त्यामुळे तो खरा वाटतो. आधी थोडं प्रक्रिया शुल्क मागतो, मग स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि ते टाकलं की बँकेचं अ‍ॅप उघडायला सांगतो. हरलेला माणूस ही गोष्ट घरात कुणाला सांगत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो. पैजांत हरलेले पैसे परत मिळवून देणारी कुठलीही संस्था आपणहून फोन करत नाही. असा फोन आला तर बोलणं न वाढवता ठेवून द्यायचा, आणि घरातल्या निदान एका माणसाला तो आल्याचं सांगायचं.

आता खातं उघडण्याआधीचं. साइटच्या तळाशी परवान्याचा शिक्का असतो. तो नुसतं चित्र असतो आणि चित्र कुणीही चिकटवू शकतं. तपासायची पद्धत अशी: शिक्क्यावर क्लिक करून जे पान उघडेल त्यावर भिस्त ठेवायची नाही. परवाना देणाऱ्या संस्थेची साइट स्वतः वेगळ्या टॅबमध्ये उघडायची आणि तिथल्या नोंदवहीत डोमेन, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा साइटचा पत्ता, शोधायचं. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची आणि माल्टाच्या गेमिंग अथॉरिटीची अशी नोंदवही कुणालाही बघता येते. कंपनीचं नाव जुळलं एवढ्यावर थांबू नका, डोमेन अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नकली साइट खऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक जसाच्या तसा उचलतात; डोमेन मात्र त्यांचं स्वतःचंच असतं आणि तिथेच त्या सापडतात. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. कुलूप म्हणजे मधल्या वाटेवर माहिती कुणी वाचू शकत नाही, एवढंच. टोकाला बसलेला माणूस कोण आहे हे कुलूप सांगत नाही, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळत असल्याने चोराच्या साइटलाही कुलूप असतं. लोकांचा नेमका हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

आपण राहतो तिथे असा जुगार कायद्याने चालत नसेल किंवा साइटला कुठलाच परवाना नसेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या: माहिती गहाळ झाली तर तक्रार ऐकून घेणारं कुणी नाही. अशा साइटला ओळखपत्र पाठवू नका. जिंकलेले पैसे बुडाले तर बुडू द्या, ते नुकसान एकदाच होतं.

पासवर्डबद्दल सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असतं, तरी इथे जरा थांबतो, कारण जुगाराच्या खात्यांत चोरी कशी होते याचा तपशील एका खटल्यात फार स्वच्छ नोंदला गेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकी साइटवर सुमारे ६० हजार खात्यांत चोर शिरले. साइटची यंत्रणा फोडावी लागली नाही. दुसरीकडून फुटलेल्या ईमेल-पासवर्डांच्या जोड्या एका प्रोग्रॅमने भराभर लावून बघितल्या आणि ज्यांनी दोन ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला होता त्यांची खाती उघडली. पुढे पकडलेल्या तरुणाच्या संगणकावर अशा जवळपास ४ कोटी जोड्या सापडल्या. पैसे काढण्याची युक्ती बघा: खात्यात पैसे देण्या-घेण्याची नवी पद्धत जोडायची, ती खरी आहे हे पटवायला तिच्यातून ५ डॉलर भरायचे, आणि मग असलेली सगळी शिल्लक त्याच वाटेने बाहेर न्यायची. सुमारे १,६०० खात्यांतून ६ लाख डॉलर असे गेले. त्या तरुणाला जानेवारी २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली.

यातून करायच्या गोष्टी सरळ निघतात. या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. पासवर्ड मॅनेजरकडून, म्हणजे पासवर्ड बनवून जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, १६ किंवा अधिक अक्षरांचा बनवून घ्यावा आणि पाठ करायच्या भानगडीत पडू नये. मॅनेजरचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. तो डोमेन ओळखतो. हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर तो पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला गेला नाही, असा प्रश्न पडला की तिथेच थांबा. हाताने टाइप करून पुढे गेलात तर त्या राखणदाराला तुम्हीच बाजूला सारलंत.

दुसरी पायरी म्हणजे लॉगिनचा दुसरा टप्पा, आणि तो पहिले पैसे भरण्याआधी लावायचा. त्याची जागा रिकामी असेल तर चोर आत शिरल्यावर स्वतःचा नंबर तिथे टाकतो आणि मग मूळ मालकच बाहेर राहतो. एसएमएसवर येणारा ओटीपी अगदीच काही नसण्यापेक्षा बरा. पण मोबाइल कंपनीला फसवून आपला नंबर दुसऱ्या सिमवर वळवता येतो. अचानक फोनचं नेटवर्क गेलं आणि शेजारच्याचं चालू आहे, तर ती शंका आधी घ्या. ऑथेंटिकेटर अ‍ॅप दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करतं. त्याला सिम लागत नाही, नेटवर्कही लागत नाही. पासकी (पासवर्डाऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन करायची सोय) मिळत असेल तर ती सगळ्यांत चांगली, कारण ती त्या एका डोमेनलाच बांधलेली असते आणि नकली साइटला देताच येत नाही. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून ठेवा. फोन हरवल्यावर खातं परत मिळवायला पुन्हा ओळखपत्र पाठवण्याची वेळ येते, ती या कागदामुळे टळते.

ईमेलचं वेगळं सांगायला हवं. ज्या ईमेलने खातं उघडलं, त्या मेलबॉक्समध्ये शिरलेला माणूस ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून सगळी दारं उघडू शकतो. जुगारासाठी वेगळा ईमेल ठेवा आणि त्याला खात्यापेक्षा कडक कुलूप लावा. वेगळ्या ईमेलचा आणखी एक उपयोग म्हणजे कुणी माहिती फोडली ते कळतं. तो पत्ता फक्त एका साइटला दिलेला असेल आणि त्यावर भलत्याच साइटच्या बोनसच्या मेल यायला लागल्या, तर पत्ता कुठून बाहेर पडला यात शंका उरत नाही. नाव मात्र खोटं देऊ नका, जन्मतारीखही नाही. गोपनीयता म्हणून दिलेली खोटी जन्मतारीख पैसे काढताना ओळखपत्राशी जुळत नाही, खातं गोठतं, आणि ते सोडवायला आधी लागली असती त्याच्या दुप्पट कागदपत्रं द्यावी लागतात. व्हीपीएनचंही, म्हणजे आपला इंटरनेटचा पत्ता बदलून दाखवणाऱ्या सेवेचंही, थोडंफार तसंच आहे. तुम्ही नावानिशी लॉगिन केल्यावर व्हीपीएन साइटपासून तुमची ओळख लपवत नाही. उलट परवानाधारक साइटना खेळणारा कुठून खेळतो हे तपासावंच लागतं. तिथे दुसऱ्या देशाचा आयपी (इंटरनेटचा पत्ता) दिसला की चौकशी सुरू होते.

आता ओळखपत्राचा फोटो. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

फोटो काढायच्या आधी साइटला चॅटवर किंवा मेलवर लेखी विचारा: कागदपत्राच्या कुठल्या बाजू हव्यात, त्यातलं काय काय स्पष्ट दिसायला हवं, बाकीचं झाकलेलं चालेल का. उत्तर जपून ठेवा. जे झाकायचं ते फोटो काढण्याआधी झाकायचं, नंतर फोनमध्ये रंगवून नव्हे. याला कारण आहे. फोनमधलं हायलायटर पेन काळं दिसलं तरी पूर्ण अपारदर्शक नसतं. चार वेळा गिरवलेल्या पट्ट्याखालचे आकडे उजेड वाढवला की वर येतात. पीडीएफवर टाकलेला काळा चौकोन बऱ्याचदा नुसता वर ठेवलेला थर असतो, त्याखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. मार्च २०२३ मध्ये तर असं दिसलं, की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या फोटो कापायच्या साधनात कापलेल्या स्क्रीनशॉटचा कापून टाकलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहत होता आणि परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष निघाला. दोन्हींची दुरुस्ती झाली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली जिथे गेल्या तिथेच राहिल्या. जाड कागदाची पट्टी यातल्या कुठल्याही भानगडीत सापडत नाही.

कृती अशी. गडद, साध्या पृष्ठभागावर ओळखपत्र ठेवा. खिडकीजवळचा उजेड घ्या, फ्लॅश बंद करा. फ्लॅशने चमकणाऱ्या थरावर पांढरा डाग पडतो आणि फोटो नाकारला जातो. जे मागितलेलं नाही त्यावर कागदाच्या पट्ट्या ठेवा. मग एक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि त्यावर मार्करने तिरकं लिहा: साइटचं नाव, ‘फक्त खाते पडताळणीसाठी’, आणि तारीख. तो तुकडा ओळखपत्रावर असा ठेवा, की अक्षरं चेहऱ्याच्या कडेवरून आणि मधल्या रिकाम्या जागेतून जातील. नाव, जन्मतारीख, क्रमांक आणि तळाच्या यंत्राने वाचायच्या ओळी मोकळ्या राहतील. अशी प्रत उद्या बाहेर फुटली तर दुसऱ्या कुणाला ती कर्ज काढायला किंवा सिम घ्यायला सहजी वापरता येत नाही, कारण ती कशासाठी काढली हे तिच्यावरच लिहिलेलं आहे. डच सरकारने लोकांना नेमकं हेच करता यावं म्हणून कोपीआयडी नावाचं अ‍ॅप काढलं आहे. काही साइटचं सॉफ्टवेअर वर काही लिहिलेलं दिसलं की फोटो परत पाठवतं. तेव्हा तेच वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ओळखपत्राच्या शेजारी, एकाच चौकटीत ठेवा. याचा जोर कमी पडतो, कारण चिठ्ठी कापून टाकता येते, तरी अगदीच काही नसण्यापेक्षा बरं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ठिकाणाची नोंद आधी बंद करा. नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. फाइल खात्यातल्या अपलोडच्या पानावरूनच द्या. मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेली प्रत तुमच्या पाठवलेल्यांत, त्यांच्या आलेल्यांत आणि दोन्हींच्या बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. पडताळणी झाली, की गॅलरीतून, ‘अलीकडे हटवलेले’ या फोल्डरमधून आणि क्लाउडवरून प्रत काढून टाका. हे शेवटचं काम नव्वद टक्के लोक करत नाहीत असं म्हणायचा मोह होतो. आकडा मी मोजलेला नाही, पण स्वतःच्या फोनची गॅलरी एकदा खाली सरकवून बघा.

कार्डाचा फोटो मागितला तर समोरचे पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे, नाव आणि मुदत एवढंच दिसू द्या. मधले सहा आकडे आणि मागचा सीव्हीव्ही यांवर कागद. सीव्हीव्ही कुठल्याही साइटला फोटोत मागायचं कारण नाही. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या नियमांप्रमाणे व्यवहार मंजूर झाल्यावर तो साठवायलाच बंदी आहे. जो मागतो त्याला एकतर नियम माहीत नाहीत किंवा त्याचा हेतू वेगळा आहे. इथे एक बारकावा सांगून ठेवतो. मधले सहा आकडे झाकले म्हणजे दहा लाख शक्यता उरतात असं वाटतं. पण कार्डाचा शेवटचा आकडा बाकीच्यांवरून एका ठरलेल्या सूत्राने काढलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात एक लाखच उरतात. यंत्राला एवढं फार नाही. म्हणून सीव्हीव्ही आणि बँकेचा ओटीपी हाच खरा अडसर आहे, आणि ते दोन्ही कुणालाही द्यायचे नाहीत.

बँक स्टेटमेंटचं दुखणं वेगळं. त्यात पगार, घरभाडं, दवाखाना, कुणाला किती पैसे पाठवले, सगळं असतं. रोजच्या व्यवहाराच्या खात्यातून पैसे भरले की त्याच खात्याचं स्टेटमेंट मागितलं जातं. यावर उपाय पैसे भरण्याआधीच करायचा असतो: एक वेगळं छोटं खातं, त्यात ठरलेली रक्कम, आणि खेळाचं सगळं येणं-जाणं त्यातूनच. मग मागितलं तर दाखवायला फक्त तेवढंच असतं. रक्कम मोठी असली तर उत्पन्नाचा पुरावा तरीही मागतील, तो द्यावा लागतो. पण घरातल्या बाकी माणसांचा हिशेब तरी त्यात उघडा पडत नाही. कार्ड वापरायचंच तर मर्यादा घातलेलं व्हर्च्युअल कार्ड (बँकेने दिलेलं, फक्त आकड्यांचं कार्ड) वापरा, आणि ‘कार्ड जतन करा’ या चौकटीतली खूण काढा. ती खूण काढण्यात दुहेरी फायदा आहे: चोराला आयतं कार्ड मिळत नाही आणि आपल्यालाही पुढचा डाव लावण्याआधी सोळा आकडे टाइप करण्याएवढा वेळ मिळतो.

क्रिप्टोने खेळलं की कुणाला काही कळत नाही, असा समज पसरलेला आहे. बिटकॉइनची नोंदवही जगाला उघडी आहे आणि ती पुसता येत नाही. तुमचा बिटकॉइनचा पत्ता आणि तुमचं नाव यांची गाठ एकदा कुठेही बसली, मग ती क्रिप्टो विकणाऱ्या एक्स्चेंजच्या केवायसीत बसो किंवा कॅसिनोच्या पडताळणीत, की त्या पत्त्यावरचा मागचा-पुढचा सगळा खेळ नावावर चढतो. आणि चुकीच्या ठिकाणी गेलेले पैसे परत मागायला इथे बँक नसते.

आता ज्यांना आपण काही दिलेलंच नाही, त्यांच्याकडे जाणारी माहिती. साइटच्या पानांत जाहिरात कंपन्यांचे छोटे कोड बसवलेले असतात. आपण कुठलं पान उघडलं, कुठलं बटण दाबलं ते तिकडे कळवलं जातं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्काय बेटिंग अँड गेमिंगला याच कारणावरून ताकीद दिली: वापरणाऱ्याने कुकीला (ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी ओळखीची छोटी नोंद) हो-नाही म्हणण्याआधीच माहिती जाहिरात कंपन्यांकडे जात होती. म्हणजे ‘नाकारा’ बटण दाबणं पुरेसं नसतं. खेळासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करा, त्यात जाहिरात-रोधक लावा, आणि त्या प्रोफाइलमध्ये समाजमाध्यमांत कधी लॉगिन करू नका. अँड्रॉइडवर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी हटवा; आयफोनवर ट्रॅकिंगची विनंती करायची परवानगीच बंद करा. खेळणं सोडू पाहणाऱ्या माणसाच्या फोनवर रात्री अकराला बोनसची जाहिरात येते, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा हीच वाट असते. माझ्या लेखी गोपनीयतेचा सगळ्यांत दुखरा भाग हा आहे, कार्डाचा नव्हे.

अ‍ॅपच्या बाबतीत थोडक्यात. ते अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, लिंकवरून आलेली एपीके फाइल नको. ठिकाण आणि पडताळणीपुरता कॅमेरा, या परवानग्या समजू शकतात, त्याही ‘फक्त वापरताना’. संपर्कयादी, एसएमएस, कॉल आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी यांपैकी काही मागितलं तर अ‍ॅप काढून टाका. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेलं अ‍ॅप तुमच्या वतीने स्क्रीन वाचू आणि बटणं दाबू शकतं, बँकेच्या अ‍ॅपमधलीसुद्धा. जिंकलेल्या पैजेचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकताना त्यात खातेक्रमांक आणि शिल्लक दिसते का ते बघा. साइटबद्दलची तक्रारही उघड्यावर लिहू नका. काही मिनिटांत ‘ग्राहक सेवा’ नावाचं खातं मदतीला धावून येतं आणि ते साइटचं नसतं.

खात्यात कुणी शिरल्याचा संशय आला तर क्रम चुकवू नका. आधी ईमेलचा पासवर्ड, तोही दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. मग जुगाराच्या खात्याचा पासवर्ड आणि ‘सगळीकडून लॉगआउट’. मग पैसे काढायच्या पद्धतींची यादी, तिच्यात अनोळखी काही जोडलंय का. मग बँकेला फोन करून कार्ड गोठवणं. आणि प्रत्येक पडद्याचा वेळेसकट फोटो. लोक आधी साइटच्या चॅटवर अर्धा तास वाट बघत बसतात, तोवर ईमेल चोराच्याच हातात असतो.

खातं बंद करणं आणि अ‍ॅप काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅप काढल्याने साइटकडचं काहीच हलत नाही. बंद करताना शिल्लक काढा, जतन केलेली कार्डं हटवा, व्यवहारांचा इतिहास उतरवून घ्या, जाहिरातींची संमती लेखी काढून घ्या, आणि बंद झाल्याची मेल जपा. माहिती लगेच पुसली जाईल अशी आशा मात्र नको. पैशांची अफरातफर रोखायच्या कायद्यांमुळे साइटना नोंदी ठेवाव्याच लागतात. युरोपीय संघात खातं संपल्यावर ५ वर्षं. पण काय ठेवलंय हे विचारायचा हक्क आहे. जिथे जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू आहे तिथे अर्ज फुकट असतो आणि एरवी एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. तो अर्ज करून बघाच. आपल्या प्रत्येक पैजेची, प्रत्येक लॉगिनची नोंद एकत्र हातात आली, की आपल्याबद्दल तिथे किती साठलंय ते कळतं.

एका ठिकाणी मात्र हे सगळं उलटं फिरतं. स्वतःला खेळापासून बंदी घालून घेण्याची सोय असते, ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपसारखी, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षांसाठी. ती यंत्रणा नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, मोबाइल जुळवून माणूस ओळखते. आपण इतकी काळजी घेऊन वेगळे ईमेल ठेवलेले असतात, आणि बंदीच्या अर्जात त्यातला एकच टाकला तर बाकीच्या पत्त्यांवरून ओळख पटायला वाव कमी होतो आणि एखादं दार उघडं राहू शकतं. तिथे काहीही राखून ठेवू नका. सगळे ईमेल, जुने मोबाइल नंबर, आधीचे पत्ते, लग्नाआधीचं नाव, पासवर्ड मॅनेजरमधली यादी समोर उघडून एकेक करून भरा.